दोन टोकांची पेन्सिल

लिआओ वन-पिनला मला भेटायचंय, असा फोन आला तेव्हा मी पोट धरून खाली बसलो. बायको म्हणाली, "भूक लागली असेल."

"भूक नाही गं. तैवानचा लिआओ."

तिनं हातातला मुळा परातीत ठेवला. "कागदवाला?"

"कागदवाला."

"मग जा की! त्रेचाळीस वर्षं कपाटात कुजवलात तो कागद. दर वसंतात कपाट आवरताना मी विचारते, टाकू का? तुम्ही म्हणता, राहू दे. आता माणूसच आलाय चालून."

फोन हा-जंगचा होता. ही माझी जुनी शिष्या. मुजूला जागतिक तायक्वांदो स्पर्धा भरली होती आणि ती तिथं गुणांच्या टेबलावर काम करत होती. तैवानच्या संघाबरोबर एक म्हातारा प्रशिक्षक आला होता. तो गेले दोन दिवस दिसेल त्या कोरियन पंचाला धरून विचारत होता, की चौऱ्याहत्तर साली बुसानच्या चषकाच्या फायनलला खिडकीकडच्या कोपऱ्यात बसलेला पंच जिवंत आहे का.

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, यांग दोक-बे वस्ताद ना? जिवंत आहेत, आणि शिव्याही देतात अजून."

"कशाला भेटायचंय म्हणाला?"

"ते नाही सांगितलं. म्हणाला, एकच प्रश्न आहे."

खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालं. एकच प्रश्न! तो काय असणार हे मला त्रेचाळीस वर्षं पाठ होतं. माझं का लुबाडलंस, दुसरं काय? बायकोनं मी हो म्हणायच्या आतच बॅग भरायला घेतली. कपाटातलं जुनं पाकीट तिनं मोज्यांच्या खाली ठेवलं. मी बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं.

आता बुसानचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी सोलला पहिली जागतिक स्पर्धा झाली होती. तेव्हा वजनाचे गट दोनच, हलके आणि जड. आज आठ पुरुषांचे, आठ बायकांचे. बायकांना तर जागतिक स्पर्धेत उतरायला सत्याऐंशी साल उजाडावं लागलं. पण त्या पहिल्या स्पर्धेनं आम्हा सगळ्यांच्या अंगात वारं भरलं होतं. आपला खेळ जग खेळणार! मग गावोगावी जो तो वस्ताद परदेशी पाहुणे बोलावून चषक भरवायला लागला. आमच्या वस्तादांनीही बुसानला भरवला. दक्षिण किनारा निमंत्रण चषक. नाव मोठं, मैदान शाळेचं. आज तो कुणाला आठवतही नाही. मी आणि लिआओ सोडून.

तेव्हा यंत्रं नव्हती. छातीवरचं चिलखत म्हणजे जाड कापडात शिवलेल्या बांबूच्या कामट्या. लाथ नीट बसली की फाट् असा आवाज यायचा आणि माणूस हलायचा. आवाज आला, माणूस हलला, तर गुण. चार कोपऱ्यांत चार पंच खुर्च्या टाकून बसायचे आणि कागदावर रेघा मारायचे. आमच्याकडे मोजायला पाच रेघांचं एक चिनी अक्षर वापरतात. एका गुणाला एक रेघ, पाच झाले की अक्षर पुरं. त्या अक्षराचा अर्थ सरळ, न्यायाचं. त्या अर्थाचा मला अजून राग येतो.

वस्तादांना हौस दांडगी. मोजणी झटपट व्हावी म्हणून त्यांनी दोन टोकांच्या पेन्सिली आणल्या, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळी. त्यांचा हुकूम असा की लाल चिलखतवाल्याचं नाव आणि रेघा लालनं लिहायच्या, निळ्याच्या निळ्यानं. टेबलावरच्या माणसानं नावं वाचत बसायचंच नाही, रंग बघायचा आणि आकडे जोडायचे. चारही कागदांची बेरीज करायची, ज्याची जास्त तो जिंकला.

मी त्या दिवशी पंच नव्हतोच. मी एकतीस वर्षांचा, चटया उचलणारा माणूस होतो. पण खिडकीकडच्या कोपऱ्यातल्या पंचांनी दुपारी बंदरावर कच्चे मासे हाणले आणि फायनलच्या तोंडावर त्यांना संडासातून बाहेर येववेना. वस्तादांनी मला मानेला धरून त्या खुर्चीत बसवलं. हातात कागद दिला, पेन्सिल दिली. "डोळे उघडे ठेव, तोंड बंद," एवढंच सांगितलं. ते तोंड मी नको तितकं बंद ठेवलं.

निळ्यात आमचा मो चांग-शिक होता. दणकट पोरगा, बुसानचाच. लालमध्ये तैवानचा लिआओ वन-पिन, काटकुळा, बावीस वर्षांचा. कागदावर दोन चौकोन, वरचा लालचा, खालचा निळ्याचा. मी खालच्या चौकोनात निळ्या टोकानं मोचं नाव लिहिलं. मग पेन्सिल फिरवली, लाल टोक वरच्या चौकोनावर टेकवलं, आणि हात पुढे जाईना.

मी सात वर्षांचा असताना माझा मोठा भाऊ दोक-जुन लढाईवर गेला. गावच्या कचेरीबाहेर यादी लावायचे. आई मला बरोबर घेऊन रोज जायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. एके दिवशी ती यादीसमोर उभी राहिली, आणि मी वाचायच्या आत तिनं मटकन जमिनीवर बसकण मारली. नाव तिला वाचता आलं नाही, पण रंग वाचता आला. परत न येणाऱ्यांची नावं आमच्या कारकुनानं लाल शाईनं लिहिली होती. तशीही आमच्याकडे जित्या माणसाचं नाव कुणी लाल लिहीत नाही, आजही नाही. पण माझ्या बाबतीत ती नुसती रीत उरली नव्हती. लाल नाव म्हटलं की आईचा तो आवाज कानात यायचा.

आणि समोर ते काटकुळं पोरगं कमरेचा पट्टा आवळत उभं होतं. त्याचीही आई कुठेतरी असेलच की! मी पेन्सिल परत फिरवली आणि त्याचं नाव निळ्यानं लिहिलं. वरच्या चौकोनात. म्हटलं, नाव तेवढं निळं, रेघा मारू लालनं.

मधल्या पंचानं सुरू म्हणायला आणि लिआओनं लाथ घालायला एकच गाठ पडली. फाट्! मो दोन पावलं मागे गेला. मी घाईनं वरच्या चौकोनात रेघ मारली, आणि बघतो तर निळी. पेन्सिल फिरवायचीच राहिली होती. आता मधेच रंग बदलला तर आणखी घोळ. म्हटलं, चौकोन तर बरोबर आहेत, नावं लिहिलेली आहेत. टेबलावर सांगू. मग तिन्ही फेऱ्या मी निळ्यानंच मारल्या. वर लिआओच्या सात, खाली मोच्या चार.

घंटा वाजली. टेबलावरचा माणूस आला, माझ्या हातातून कागद ओढला आणि गेला. मी "अहो" म्हणालो. ते माझं मलाच ऐकू आलं नसेल. त्या माणसानं हुकुमाप्रमाणे नावं वाचलीच नाहीत. रंग बघितला. माझ्या कागदावर लाल रेघ एकही नव्हती, निळ्या अकरा.

तुम्हीच हिशेब बघा. बाकीच्या तीन कागदांत मो दोन गुणांनी पुढे होता. माझ्या सात-चारनं लिआओ एका गुणानं जिंकत होता. झालं काय, तर मो तेरा गुणांनी जिंकला. कर्ण्यावरून तेरा म्हणून पुकारलं आणि अख्खी शाळा उठून नाचायला लागली.

मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. खरंच सांगतो, अर्धा उठलो होतो. मग मनात आलं, उठून सांगू काय? सहा देशांचे पाहुणे समोर बसलेत. त्यांना सांगू, की जित्या माणसाचं नाव लाल लिहवलं नाही म्हणून फायनल चुकली? आमचा खेळ नव्या जगाचा, शिस्तीचा म्हणून आम्ही छाती फुगवतोय, आणि पंच भुताखेताला भितो? मी बसलो. तेवढ्यात वस्ताद मागून आले आणि माझ्या पाठीत धपकन थाप मारली.

"अकरा-शून्य!" ते कानात हसले. "अरे जरा तरी लाज ठेवायची! पण शाबास. देशाची इज्जत राखलीस गड्या."

संध्याकाळी त्यांनी तो कागद आणि ती पेन्सिल मला बक्षीस दिली. म्हणाले, नातवंडांना दाखव. मी मुद्दाम केलं असं धरून बाकीचे पंच डोळे मिचकावत होते. ज्या गोष्टीची मला शरम वाटायला हवी होती तिच्यासाठी ते मला दारू पाजत होते, आणि ज्या गोष्टीची खरी शरम होती ती मी कुणाला सांगत नव्हतो. लिआओ शाळेच्या पायऱ्यांवर एकटा बसून उजव्या पायाचा घोटा दाबत होता. मी त्याच्या बाजूनं गेलो. थांबलो नाही.

पुढच्याच वर्षी माझं नाव पंचांच्या यादीत लागलं. 'अकरा-शून्यवाला' अशी ओळखच झाली होती माझी. त्यानंतर मी तीस वर्षं पंचगिरी केली. अठ्ठ्याऐंशीला सोलच्या ऑलिम्पिकमध्ये आमचा खेळ नुसता दाखवायला ठेवला होता, तेव्हा प्रेक्षकांत बसून रडलो. सिडनीला खरी पदकं मिळाली, तेव्हा टीव्हीसमोर रडलो. बायको म्हणते मी रडका आहे. पण त्या तीस वर्षांत एक रेघ मी चुकीच्या चौकोनात मारली नाही, आणि माझ्यासमोर कुणी मारली तर त्याची गय केली नाही. लोक म्हणायचे, यांग म्हणजे तराजूचा काटा. मला प्रत्येक वेळी पायऱ्यांवरचं ते पोरगं दिसायचं. मो बिचारा चषक दाखवत दाखवत म्हातारा झाला आणि गेला. त्यालाही मी बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ती झाकून धरणाऱ्याची बोटं आखडतात, हे कुणी सांगत नाही.

तर आम्ही दोघं मुजूला गेलो. हा-जंगनं पुढची जागा दिली. खेळ बघून माझं डोकं फिरलं. चिलखतात यंत्र, मोज्यात यंत्र. पोरं एक पाय हवेत धरून एकमेकांना बोटं लावतायत, दारावरची घंटा दाबावी तशी, आणि फलकावर आकडे पळतायत. आवाज नाही, काही नाही.

"ही काय लाथ झाली?" मी म्हटलं. "माझी म्हातारी आई यापेक्षा जोरात मारायची."

"तुम्हाला मारलं असेल तर योग्यच मारलं," बायको म्हणाली.

मग एका प्रशिक्षकानं हातातलं कार्ड वर केलं. खेळ थांबला. मोठ्या पडद्यावर तीच लाथ परत, सावकाश. पंचांनी बघितलं, माना डोलावल्या आणि दिलेला गुण काढून घेतला. ज्यानं चूक केली तो पंच तिथंच उभा होता, त्याचे कान लाल झाले नव्हते. चूक झाली, दिसली, दुरुस्त झाली, खेळ पुढे. इतकं सोपं! मी खुर्चीत मागे टेकलो. त्या यंत्राला मी दहा वर्षं शिव्या दिल्यात, त्यातल्या अर्ध्या तरी परत घ्याव्यात असं वाटलं.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"पाकीट बॅगेत आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी नदीकाठच्या खाणावळीत हा-जंगनं लिआओला आणून सोडलं आणि ती कामाला पळाली. तो अजून काटकुळाच होता. केस पांढरे, पाठ ताठ. त्याची कोरियन भाषा मात्र ऐकण्यासारखी. तरुणपणी लष्करात त्याला शिकवायला आमचा एक कोरियन शिक्षक होता, त्याच्याकडून कवायतीच्या मैदानावर शिकलेली. त्यामुळे तो सगळ्यांना हुकूमच सोडायचा. वाढायला आलेल्या बाईला म्हणाला, "तीन माणसं! माशांची पेज! गरम! पळ!"

बाई दचकली. बायको तोंडाला रुमाल लावून हसायला लागली.

"तू यांग," तो मला म्हणाला. "म्हातारा झालास."

"तू काय कोवळा राहिलास?"

"तू खिडकीकडे बसला होतास."

"बसलो होतो."

पेज आली. कुणी चमचा उचलला नाही. त्यानं खुर्ची मागे सरकवली, गुडघ्यावर हात ठेवले आणि म्हणाला, "मी विचारतो. तू खरं सांग. तिसरी फेरी. मी तुझ्याच समोर होतो. उजव्या पायाची वळती लाथ. तीनदा मारली. तू सगळ्यात जवळ. सांग, माझ्या पायात काय चूक होती?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय?"

"चूक! पायातली! घोटा सैल होता? कंबर उशिरा वळली? मी तेरा गुणांनी हरलो. एकानं हरलो असतो तर म्हटलं असतं, पंच आंधळा. तेरा म्हणजे पंच आंधळा नाही, माझा पाय खोटा. मला आत वाटत होतं की लागली. पायाला कळतं ना? पण तेरा! मग म्हटलं, माझ्या पायाला कळतच नाही. घरी गेलो, खेळणं सोडलं. शिकवायला लागलो. त्रेचाळीस वर्षं तीच लाथ शिकवतोय. पोरांना सांगतो, लागली असं वाटलं तर समजा लागली नाही. परत मारा. शंभर वेळा. आता मी निवृत्त होतोय. ही शेवटची स्पर्धा. म्हटलं, जाण्याआधी विचारून टाकावं, नेमकं काय चुकत होतं."

तो शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. कॉलर धरेल म्हणूनही तयार होतो. याला मी तयार नव्हतो. आणि देवाशप्पथ सांगतो, माझ्या जिभेवर आलं होतं, "घोटा जरा सैल होता." चार शब्द. त्याचं समाधान झालं असतं, माझी सुटका झाली असती, पेज गरम होती. बायकोनं टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ घातली. ती मात्र नीट बसली.

मी पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं.

त्यानं चष्मा चढवला. पिवळा पडलेला कागद उलगडला. वरच्या चौकोनात स्वतःचं नाव बघितलं, मग बोट ठेवून रेघा मोजल्या. एक पुरं अक्षर, वर दोन. परत मोजल्या.

"सात," तो म्हणाला.

"सात."

"मी सहा मोजले होते." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "सातवा कुठला?"

"पहिलाच. सुरू म्हटल्या म्हटल्या."

"तो पण लागला होता?"

"मो दोन पावलं मागे गेला होता."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग कागद खाली ठेवून म्हणाला, "मग?"

मी सगळं सांगितलं. पेन्सिल, चौकोन, रंग, भाऊ, आई, कचेरीबाहेरची यादी. ऐकता ऐकता त्याचा चेहरा कडक होत गेला. मधेच त्यानं टेबलावर मूठ आपटली, पेज सांडली.

"खोटं! देशासाठी केलंस तू. तुझा माणूस जिंकावा म्हणून. आता म्हातारपणी आईची गोष्ट सांगतोस? लाल नाव लिहायचं नाही हे मला शिकवतोस? माझीही आई हेच म्हणायची. म्हणून काय कुणी फायनल बुडवतं?"

"खोटं नाही."

"थांब." पाकिटातून पेन्सिल घरंगळून बाहेर आली होती, बोटभर उरलेली. त्यानं ती उचलली, लाल टोक पुढे करून माझ्या हातात कोंबली आणि कागद उलटा करून समोर सरकवला. "लिही. माझं नाव. लालनं. मी आता पासष्टचा. घाबरत नाही. लिही!"

मी टोक कागदावर टेकवलं. त्याच्या आडनावाची पहिली रेघ आडवी नाही, एक छोटासा ठिपका आहे. ठिपकाच द्यायचा होता. मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. समोर तो बसला होता, श्वास घेत होता, मिशीवर सांडलेल्या पेजेचं शीत उडालं होतं. माझ्यानं होईना. चौऱ्याहत्तर वर्षांचा घोडा मी, सगळ्या खाणावळीसमोर घाम फुटला मला.

"नाही लिहवत," मी म्हटलं. "माफ कर. नाही लिहवत."

लिआओ माझ्या हाताकडे बघत होता. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. "बरं," तो म्हणाला. "चूक पटली. चूक कुणाचीही होते. आता दुसरं सांग. मी पायऱ्यांवर बसलो होतो. तू बाजूनं गेलास. मला आठवतंय. का गेलास?"

हा प्रश्न मला पाठ नव्हता. "लाज वाटली," मी म्हटलं. मग वाटलं, आता उघडलीच आहे मूठ तर पुरी उघडावी. "आणि एवढंच नाही. वस्तादांनी पाठीवर थाप मारली होती. मी चटया उचलणारा माणूस. मला कुणी कधी शाबास म्हटलं नव्हतं. ती थाप गोड लागली. पंचांची खुर्चीही तिच्यामुळेच मिळाली. खरं सांगितलं असतं तर परत चटया. म्हणून गेलो."

बायको माझ्याकडे बघत राहिली. एवढं मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

लिआओनं डोळ्यांवरचा चष्मा काढला, टेबलावर ठेवला. "त्रेचाळीस वर्षं मी माझ्या पायाला शिव्या दिल्या," तो म्हणाला. "बायकोला म्हणायचो, हा पाय खोटारडा आहे. ती हसायची, म्हणायची पाय कसा खोटं बोलेल? ती गेली आता. तिला सांगायचं राहिलं." मग त्यानं खाली वाकून, पँट वर करून, उजव्या पायाचा घोटा दोन्ही हातांनी धरला. बुसानच्या पायऱ्यांवर धरला होता तसाच. आणि आपल्या भाषेत त्या पायाशी काहीतरी बोलला. आम्हाला कळलं नाही. बायको डोळे पुसत होती, मी तर केव्हाचा रडत होतो.

तो सरळ बसला तेव्हा त्याचा चेहरा परत कवायतीच्या मैदानावरचा झाला होता. त्यानं माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली. "तुझं नाव कसं लिहितात? चिनी अक्षरांत?"

मी टेबलावर बोटानं काढून दाखवलं. तीन अक्षरं.

त्यानं कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, लाल टोकानं, ठसठशीत, एकेक रेघ दाबून पहिलं अक्षर लिहिलं. यांग. माझं आडनाव. लाल. माझ्या मानेवर काटा आला, पण मी हललो नाही. हा त्याचा हक्क होता.

"अहो भाऊजी," बायको घाबरून म्हणाली, "माझी पोरंही यांगच आहेत हो!"

लिआओचा हात थांबला. दुसऱ्या अक्षरावर टोक टेकवून तो तसाच बसला. कागदावर लाल ठिपका गडद होत गेला. मी त्याच्या बोटांकडे बघत होतो. ती अडली होती, माझी अडली होती तशीच. मग त्यानं एक मोठा श्वास सोडला, पेन्सिल फिरवली आणि उरलेली दोन अक्षरं निळ्यानं लिहिली.

"मलाही पुरं नाही लिहवत," तो चिडून म्हणाला, आणि पेजेचं भांडं पुढे ओढलं. "खा! दोघंही! गार झाली!"

आम्ही खाल्ली.